चोराला काय आणायला पाठवलं होतं

९ फेब्रुवारी

आजपासून चोराच्या मागे लागलो. मराठीत करायला दिलेली रशियन कादंबरी कधीची येऊन टेबलावर पडली होती, पण तिच्यापुढे बसायला सवड आज झाली. पुस्तक विटेएवढं जाड. मुखपृष्ठावर बर्फ, एक मनोरा आणि कानापर्यंत टोपी ओढलेला माणूस. मी जन्मभर कारखान्यात बसून लेथ, क्रेन आणि पंपांची माहितीपुस्तकं रशियनमधून मराठीत आणली. त्यात राक्षस नव्हते, चेटूक नव्हतं. बोटं कुठे घालू नयेत एवढीच काय ती भीती असायची. प्रकाशकांना फोनवर तसं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "काका, रशियन येणारे आता राहिलेत किती? कारखाना काय नि कादंबरी काय, शब्द तेच."

"माहितीपुस्तकात नट म्हणजे नट असतो हो," मी म्हटलं. "तो नाटकात काम करत नाही."

ते हसले आणि मुदत सांगून मोकळे झाले.

काम घेतलं त्याचं खरं कारण वेगळं आहे. हिला अर्धांगाचा झटका आल्यापासून घरात फार शांतता आहे. डॉक्टर म्हणाले, वाचल्या हेच नशीब समजा. पाय बराचसा परत आला, हात थोडा आला, वाचा मात्र गेली ती गेलीच. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायची आणि घरी आली की राहिलेलं माझ्याशी बोलायची. मी म्हणायचो, तुझी टकळी एक मिनिट बंद कर. ही म्हणायची, "तुमच्या तोंडाला कुलूप, म्हणून मला दोघांचं बोलावं लागतं."

आता तिच्याजवळ एकच शब्द उरला आहे. 'बरं'. पाणी हवं असलं तरी बरं, खिडकी लावायची असली तरी बरं, पाय दुखत असला तरी बरं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या तोंडून हा शब्द ऐकायला मी आसुसलो होतो. असा मिळेल असं वाटलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी

हिला घेऊन उपचाराला गेलो. दारावर मोठ्या अक्षरांत 'वाचा उपचार केंद्र' अशी पाटी आहे. मी आज्ञाधारकपणे ती वाचली आणि म्हटलं, "वाचली. झाले उपचार, चल घरी." हिला हसवायला म्हणून केलेला विनोद. ही "बरं" म्हणाली आणि कठड्याला धरून पायरी चढली.

तिथल्या बाईंना आम्ही बोलवणाऱ्या बाई म्हणतो. म्हणजे मी म्हणतो. वयाने आमच्या लेकीएवढ्या असतील, पण ही त्यांच्यापुढे शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर घेऊन बसते. त्या हिला चित्रं दाखवतात, कप, किल्ली, मांजर, आणि ही प्रत्येकाला बरं म्हणते. म्हणताना तिच्या कपाळावर घाम येतो. मला ते बघवत नाही, म्हणून मी भिंतीवरचं घड्याळ बघतो.

"शब्द आत सगळे आहेत, काका," बाई मला म्हणाल्या. "बाहेर यायची वाट बुजली आहे. कानावर सतत बोलणं पडायला हवं. घरी तुम्ही यांच्याशी काय बोलता?"

मी आठवून सांगितलं, "औषध घेतलंस का, असं विचारतो."

"आणखी?"

आणखी काही आठवेना. बाईंनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "मग वाचून दाखवा. काहीही चालेल, पण रोज."

घरात वाचून दाखवण्यासारखे दोनच विषय आहेत. पाण्याचे पंप आणि हा चोर. त्यातल्या त्यात चोर बरा.

२० फेब्रुवारी

चोराला पुस्तकात सगळे 'बोका' म्हणतात. पन्नाशीचा आहे, गुडघे दुखतात, आणि पहिल्याच प्रकरणात फासावर चढायच्या बेतात असतो. तेवढ्यात बर्फापलीकडच्या शहराची राणी त्याला सोडवते. त्या शहरात एका सकाळी सगळ्यांची वाचा बसली आहे. कोणी रोगाने मेलं नाही, कोणी जखमी नाही. फक्त आवाज नाही. बाळं तोंड उघडून रडतात आणि आया धावत येत नाहीत, कारण ऐकूच येत नाही. राणी कागदावर लिहून बोक्याला सांगते, डोंगराखालच्या राखणदाराने आमचा 'यझीक' नेला आहे, तो चोरून परत आण.

यझीक. रशियनमध्ये जीभ म्हणजे यझीक आणि भाषा म्हणजेही यझीक. लेखक महाबिलंदर आहे. कोणता ते सांगतच नाही. बोक्याबरोबर परमुलखातले, म्हणून बोलता येणारे, एक पंडित आणि एक फाशी देणारा असे दोघे निघतात आणि वाटभर भांडतात. पंडित म्हणतो, भाषा आणायची आहे, ती कुठल्यातरी ग्रंथात असेल. फाशीवाला म्हणतो, चांगली लालभडक जीभ असणार, मी पुष्कळ पाहिल्या आहेत. रशियन वाचक दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो. मराठीत तशी सोय नाही, बाजू घ्यावीच लागते. मी पंडिताची घेतली आणि सगळीकडे 'भाषा' घातलं. अख्ख्या शहराची जीभ कोण कशाला नेईल?

संध्याकाळी हिला तेवढं वाचून दाखवलं. 'आमची भाषा परत आण' या वाक्याला ही "बरं" म्हणाली, पण लांबवून, नाक मुरडून. आवडलं असावं.

३ मार्च

रोज वाचतो. आज शहराचं वर्णन आलं. बोका वेशीतून आत शिरतो तेव्हा बाजार भरलेला असतो. हजार माणसं, घोडे, हातगाड्या, लोहाराचा भाता, आणि एवढ्या गर्दीत त्याला फक्त स्वतःच्या बुटांखालचा बर्फ ऐकू येतो. एक म्हातारी त्याच्या बाहीला धरून काहीतरी सांगते, सांगतच राहते, ओठ हलतात, डोळ्यांतून पाणी येतं, आणि तो चोर, ज्याने जन्मात कोणाचं काही ऐकलं नाही, टोपी काढून उभा राहतो आणि तिचं पूर्ण होईपर्यंत ऐकतो.

हे मी लिहिलेलं नाही, कोणा परक्याने लिहिलं आहे. मी फक्त मराठी केलं. पण वाचताना माझा आवाज खाली गेला आणि अंगावर काटा आला. पंपाच्या पुस्तकाने असं कधी केलं नव्हतं. थांबून पाणी प्यायला उठलो तर हिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढी ताकद आहे हे मला माहीत नव्हतं. बसलो आणि प्रकरण संपवलं. पाणी राहिलंच.

१५ मार्च

लेक आली होती. आल्या आल्या तिने ओटा घासला, फ्रिजमधलं काय काय फेकून दिलं, आईची नखं कापली, आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, तुम्ही थकलात. दूध रोज उतू जातंय, शेगडी बघितलीत का? आईला मी माझ्याकडे नेते. तिथे मोठं हॉस्पिटल आहे, रोज घरी येऊन शिकवणारी माणसं मिळतात. तुम्ही पुस्तक संपवा आणि मागून या."

"मागून म्हणजे कधी?"

"बघू ना. आमचं घर लहान आहे, काहीतरी सोय करू." मग तिने आईचा हात हातात घेतला. "आई, चलशील ना माझ्याकडे?"

"बरं," ही म्हणाली. केवढ्याने म्हणाली. खुर्चीचा दांडा डाव्या हाताने घट्ट धरला होता आणि मान खिडकीकडे होती. लेकीला भरून आलं. तिने आईला मिठी मारली आणि मला म्हणाली, "बघा, तिचीच तयारी आहे."

एप्रिलच्या शेवटी न्यायचं ठरलं. लेकीचं काही चुकत नाही, ती मनापासून करते आहे. पण एवढ्या पटकन बरं म्हणायला नको होतं हिने. थोडा विचार तरी करायचा. मला वाईट वाटलं, ते इथेच लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे बोलणार?

२ एप्रिल

घात झाला.

पहिला भाग प्रकाशकांकडे पोचून छपाईसाठी जुळवूनही झाला आहे, आणि आज चोर मनोऱ्यात शिरला. बर्फाखाली उलटा गाडलेला मनोरा. तो दोराला लोंबकळत खाली खाली जातो, आणि मशालीच्या उजेडात त्याला आधी वाटतं की समोर डोंगर आहे. मग तो हात लावतो. काशाची घंटा. एवढी मोठी, की तिच्या कडेखाली गाव वसवता यावं. ही त्या शहराची घंटा. हिच्या आवाजाने मुलं उठायची, दुकानं उघडायची, माणसं भांडायला लागायची. बोका आत डोकावतो. आत पोकळी, आणि मधोमध तुटकी साखळी. आतून आपटून घंटा वाजवणारा लोळा कोणीतरी काढून नेला आहे.

आणि रशियनमध्ये घंटेच्या लोळ्याला काय म्हणतात? यझीक.

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं रशियन वाचून, मराठीत आणून, मी असा तोंडघशी पडलो. पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं, ते सांगायला हवं. एका माणसाने एका शब्दावर सातशे पानांचा डोंगर उभा केला, आणि तो शब्द त्याला पेलला. मी खुर्चीत नुसता बसून राहिलो. देवळात बसावं तसा.

मग प्रकाशकांना फोन केला. "पहिल्या भागातली भाषा बदलायची आहे," मी म्हटलं.

"आता कोणत्या भाषेत करताय, काका?"

समजावून सांगता सांगता नाकी नऊ आले. शेवटी ते म्हणाले, महिनाअखेरपर्यंत शब्द द्या, नाहीतर आहे तसं छापू.

६ एप्रिल

जीभ, भाषा आणि घंटेचा लोळा, तिन्हीला पुरेल असा एक मराठी शब्द पाहिजे. 'बोली' घेऊन पाहिला, तो लिलावात जातो. 'जबान' घेतला, तर बोका एकदम वकिलाकडे गेल्यासारखा वाटला. 'वाणी' चांगला होता, पण 'आमचा वाणी चोरून आण' असा कोणी वाचला तर किराणा दुकानदार पळवला म्हणेल. 'शब्द', 'स्वर', 'कंठ', सगळे झाले. काखेत कळसा नि गावाला वळसा अशी तर गत होत नाही ना, असं वाटून जुने कोशही काढले. धुळीने शिंका आल्या, शब्द आला नाही.

तोवर हस्तलिखितात त्या जागी मोकळी रेघ ठेवतो. हिला वाचून दाखवताना रेघ आली की मी नुसतं 'हं हं' करतो. ही वैतागून "बरं, बरं" करते. पुढे चला असं म्हणत असावी.

१० एप्रिल

बोलवणाऱ्या बाईंना लेकीकडे न्यायचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "यांना विचारलंत?"

"विचारलं. बरं म्हणाली."

"काका, त्या मांजरालाही बरं म्हणतात."

त्या पुढे म्हणाल्या, "पहिल्या महिन्यांत जे येतं ते येतं, नंतर कठीण होत जातं. पण वाचा कधीकधी अशी एकदम फुटते. ज्याची फार गरज असते तो शब्द आधी येतो. तो कोणता असेल ते कोणी सांगू शकत नाही."

घरी येताना मनात तेच घोळत होतं. मांजरालाही बरं. म्हणजे हिला जायचं नसेल? की हिला जायचं नसावं असं मला वाटतं, म्हणून मी तसं ऐकतोय? लेकीला फोनवर हे बोललो. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याच्याने तिला सोडवत नाहीये. मला कळतं ते. पण तिचं भलं बघू या ना?" स्वतःच्या हावरेपणाची शंका आली की माणसाची बोलती बंद होते.

शब्द अजून सापडलेला नाही.

१९ एप्रिल

बोका राखणदारापर्यंत पोचला. मला वाटलं होतं अक्राळविक्राळ काहीतरी असेल. पण तो एक म्हातारा आहे, बर्फासारखा पांढरा, आणि त्याच्या गुहेत शहराचे सगळे आवाज छताला लोंबत असतात. कोणाचं हसणं, कोणाची हाक, कोणाचा दारावरून चाललेला वाद. बोका त्यांच्याखालून वाकून जातो आणि एकाएकी त्याला त्याची आई ओरडताना ऐकू येते. मेलेली आई. 'पाय पूस आधी,' एवढंच. आणि त्या गुहेत, जिवावरच्या कामगिरीवर असताना, तो चोर खरोखर पाय पुसतो.

मला पुढे वाचवेना. चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. ही माझ्याकडे टक लावून बघत होती. तिने हात लांब करून माझ्या गालावरचं पुसलं आणि हलकेच म्हणाली, "बरं." इतक्या दिवसांत असं 'बरं' ऐकलं नव्हतं. लग्नात आम्ही एकमेकांकडे बघितलं होतं त्याहून जास्त वेळ आज बघितलं असेल.

पाचच दिवसांनी ती जाणार आणि मला आता तिची ओळख होते आहे. मला भीती वाटते, हे सरळच लिहितो.

२३ एप्रिल

लेक आली. हिची बॅग भरली. कपडे, औषधं, चित्रांचे पत्ते. आम्ही दोघं चहा करायला आत गेलो आणि येऊन बघतो तर हिने डाव्या हाताने निम्मे कपडे काढून खुर्चीवर ठेवलेले. पुन्हा भरले. थोड्या वेळाने पुन्हा काढलेले. गोंधळते आहे बिचारी. लेक म्हणाली, "प्रवास म्हटलं की असं होतं."

२४ एप्रिल

जमेल तसं लिहितो.

सकाळी गाडी आली. बॅग खाली गेली. हिला लेकीने नवे कपडे घातले, केस विंचरले. ही माझ्या टेबलाशेजारच्या तिच्या खुर्चीत बसली होती आणि उठत नव्हती. लेक म्हणाली, "बाबा, निघायच्या आधी थोडं वाचून दाखवा तिला, म्हणजे बरं वाटेल." तीही दारात बूट घालून उभी होती.

मी हस्तलिखित उघडलं. राखणदारासमोर बोका उभा आहे, तिथून. वाचलं, "बोका म्हणाला, मी शहराची," आणि रेघ आली. हं हं केलं. पुढची ओळ दिसेना. मी पानं बंद केली आणि म्हटलं, "राहू दे. बाकीचं तुला फोनवर वाचून दाखवीन. रोज. शपथ."

"बरं," ही म्हणाली.

मग तिने जोरजोरात मान हलवली. आडवी. 'बरं' तोंडातून पुसून टाकायला बघत असल्यासारखे ओठ दाबले. उघडले. पुन्हा दाबले. घाम आला. लेक पुढे यायला लागली, मी हाताने तिला थांबवलं. आज मी घड्याळाकडे बघितलं नाही. तिच्याकडेच बघत राहिलो. तिची मान ताणली गेली, गळ्यातून नुसती हवा आली, पुन्हा हवा आली, आणि मग खोल विहिरीतून बादली वर यावी तसा एक शब्द वर आला.

"वाचा."

"आई, काय म्हणालीस?" लेकीने विचारलं. तिचा आवाज लहानपणीसारखा झाला होता.

"वाचा," ही म्हणाली. स्वच्छ. टेलिफोनवर बोलायची तसं.

मी उभा होतो तो खाली बसलो. ही बोलली, तिची वाचा आली, आणि आली ती तो शब्दच होऊन आली. माणसाची ती वाचा. शहराची ती वाचा. आणि घंटेचा लोळा म्हणजे तरी दुसरं काय? सगळे कोश पालथे घातले मी. मला वाटलं, मी एखाद्या मोठ्या दारासमोर उभा आहे आणि ते आतून उघडलं गेलं आहे.

"तू पुस्तकातला शब्द सांगतेस," मी कसंबसं विचारलं, "का मला वाचायला सांगतेस?"

हिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेशी मी चाळीस वर्षं संसार केला आहे. एवढं शिकून तुम्हाला अक्कल कधी येणार, अशी ती नजर. तिने माझ्यासमोरच्या कागदांवर हात आपटला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "वाचा."

लेकीने दारातच बूट काढले आणि आईच्या पायाशी जमिनीवर बसली. मी पानं उघडली, रेघेवर शब्द लिहिला आणि वाचायला लागलो.

"बोका म्हणाला, मी शहराची वाचा न्यायला आलो आहे. राखणदाराने विचारलं, माझ्याजवळ पुष्कळ आहेत, तुला कोणती पाहिजे? बोक्याने वर बघितलं. छताला लाखो आवाज लोंबत होते, राजांचे, पुजाऱ्यांचे, गाणाऱ्यांचे. त्याने खूप वेळ विचार केला. मग तो म्हणाला, जिच्यावाचून आमच्या घरात आम्हाला कोणी रागवत नाही, ती."

प्रकरण शेवटपर्यंत वाचलं. खालून गाडीवाल्याने दोनदा हॉर्न दिला, कोणी उठलं नाही.

झाल्यावर लेकीने डोळे पुसले आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "आई, मग निघायचं का आपण?"

"बरं," ही म्हणाली.

लेकीने माझ्याकडे बघितलं, मी लेकीकडे. मग ती खाली गेली आणि गाडीतून बॅग घेऊन वर आली.